नवसाचा गूळ आणि माझा लाल काटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. हे वाचता वाचता तुमच्यातल्या काहींनी पोट आत घेतलं, ते माझ्या लक्षात आलं. घेऊ नका. पोट आत घेतल्याने माझ्यावर काहीही परिणाम होत नाही. ही एवढी गोष्ट मी आयुष्यभरात कोणाला पटवू शकलेलो नाही.

माझा जन्म इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याचं अंग, पोटात स्प्रिंग, पाठीवर काळं रबर आणि काचेखाली लाल काटा. ज्या कारागिराने मला जोडलं, तोच पहिल्यांदा माझ्यावर उभा राहिला, हातात जेवणाचा डबा घेऊन. मग डबा खाली ठेवून पुन्हा उभा राहिला. काटा डब्याएवढा मागे आला, तसा तो खूश होऊन म्हणाला, "सच्चा है." माझं बारसं ते एवढंच.

मला विकत घेतलं मिलमधले हेडक्लार्क शंकरराव यांनी, आणि अन्नपूर्णा भागातल्या आपल्या घरी आणलं. तेव्हा मिल चालू होती आणि शंकररावही. आता दोन्ही नाहीत. पण ते दिवस माझ्या वैभवाचे होते. गावाला जाणाऱ्या बॅगा माझ्यावर चढायच्या. रद्दीवाल्याच्या तराजूवर भरवसा नाही म्हणून रद्दी चढायची. शंकररावांच्या पत्नी सरलाबाई मुलाला, म्हणजे विक्रांतला, माझ्यावर उभं करायच्या आणि हळहळायच्या, "पोराच्या अंगाला काही लागतच नाही!"

मग त्यांनी ते मनावर घेतलं. इंदुरात एखाद्या आईने हे मनावर घेतलं की काय होतं, ते सांगायला नको. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी जेवण, आणि मधल्या वेळात शेव, कारण मधल्या वेळात काहीतरी हवंच. लागलं हो अंगाला. इतकं लागलं, की पुढे मला पलंगाखाली सरकवण्यात आलं. मित्रांनो, घरात कोणी जाड झालं तर आरसा जागेवर राहतो, फोटो राहतात, वजनकाटा तेवढा पलंगाखाली जातो. तिथे मी तुटक्या छत्रीच्या सोबतीने बरीच वर्षं काढली.

मला बाहेर काढलं विक्रांतच्या बायकोने, अमिताने. विक्रांत चाळिशी ओलांडून गेला होता. साखर वाढलेली, गुडघे दुखणारे, झोपेत श्वास अडकणारा. डॉक्टरांनी जठर लहान करायचं ऑपरेशन ठरवलं. दवाखान्यात निघण्याआधी तो माझ्यावर उभा राहिला. मी एकशे अठ्ठावीस दाखवले. अमिताने तो आकडा फाइलवर लिहून घेतला.

सरलाबाई मात्र तडक अन्नपूर्णेच्या मंदिरात गेल्या आणि नवस बोलून आल्या: महिन्यात विक्रांतचं जितके किलो वजन उतरेल, तितके किलो गूळ देवीला. परत येताना वाटेत भेटेल त्याला त्यांनी तो सांगितला. शेजारच्या गोपीनाथरावांना, भाजीवालीला, फोनवरून महूच्या जावेला. "दहा तर कुठे गेले नाहीत," असा आकडाही जोडला, आणि घरात गुळाच्या दहा भेल्या आणून ठेवल्या. किलोकिलोच्या.

ऑपरेशन छान झालं. विक्रांत घरी आला, माझ्यावर उभा राहिला आणि मी एकशे तीस दाखवले.

"अगं बाई!" सरलाबाई खाली वाकून माझ्याकडे बघत म्हणाल्या. "हा तर वाढला! आता काय देवीने आपल्याला गूळ द्यायचा?"

गोपीनाथराव भेटायला आले होते. ते खुर्चीतूनच म्हणाले, "भिया, डॉक्टरने पोटातून काढलं की भरलं? बिल नीट बघ."

"काका, हसवू नका ना यार, टाके दुखतात," विक्रांत पोट धरून म्हणाला.

अमिता शांतपणे म्हणाली, "आई, सलाइन किती चढवलंय बघा ना. सूज पण आहे. मानसी मॅडम बोलल्या होत्या, पहिल्यांदा वाढलेलं दिसेल म्हणून." मानसी मॅडम म्हणजे दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ.

त्या म्हणाल्या तसंच झालं. ते पाणी गेलं आणि पाठोपाठ वजन भराभर उतरू लागलं. पातळ वरण, ताक, एवढ्याशा वाटीतून चमच्याचमच्याने पाणी. मी एकशे एकवीस दाखवले, तेव्हा सरलाबाईंनी माझ्यावर हळदकुंकू वाहिलं. पलंगाखालून थेट देव्हाऱ्यापर्यंत. अशी बढती सरकारी नोकरीतसुद्धा मिळत नाही.

आणि मग काटा थांबला.

एकशे एकवीस. दुसऱ्या दिवशी एकशे एकवीस. विक्रांत चप्पल काढून, घड्याळ काढून, चष्मा काढून उभा राहिला. चष्मा काढल्यावर त्याला आकडा दिसेना, म्हणून पुन्हा घातला. एकशे एकवीस. मानसी मॅडम फोनवर म्हणाल्या, "तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांचं थांबतं. शरीर पाणी धरून ठेवतं, मग सोडतं. आठवड्यातून एकदाच बघा. पाणी मात्र सोडू नका." फोन ठेवून विक्रांत पुन्हा माझ्यावर चढला.

तिकडे दहा भेल्या कोपऱ्यात बसून त्याच्याकडे बघत होत्या. सात किलोंचा हिशेब लागला होता, तिघींचा लागत नव्हता. आणि शुक्रवारी महूची मंडळी येणार होती.

"आई तर सगळ्या मोहल्ल्याला दहा सांगून बसलीय," तो अमिताला म्हणाला. "इज्जत का फालूदा होणार आहे माझा."

"तू फालूद्याचं नाव पण काढू नको. पाणी घे."

"घेतो ना. ठेव तिथे."

ती स्वयंपाकघरात गेली की वाटी खिडकीतल्या तुळशीत रिकामी व्हायची. मी पाहत होतो. तुळस तरारली आणि माणूस सुकू लागला. पण मित्रांनो, माझा काटा हलला! एकशे वीस. मग एकशे एकोणीस. घरात आनंदीआनंद. सरलाबाईंनी मला पुन्हा कुंकू लावलं. मी खोटं बोलत नव्हतो, एकशे एकोणीसच होते. पण त्याचे ओठ पांढरे पडले होते, आणि ओठ दाखवायला माझ्याकडे जागा नाही.

गुरुवारी सकाळी तो माझ्यावर चढला, आकड्याकडे बघून हसला, आणि उतरताना त्याचे पाय वाकले. डोकं देव्हाऱ्याच्या कडेवर आपटणार, तोच अमिताने त्याला खांद्याने पेललं. तेवढं सगळं वजन. माझ्यावर न येता ते तिच्यावर गेलं.

"पाणी कधी प्यायलास शेवटचं?" तिने विचारलं.

त्याची नजर खिडकीतल्या तुळशीकडे गेली. तिने कुंडीत बोट घातलं, ओली माती बघितली आणि गाडीची चावी घेतली.

दवाखान्यात मानसी मॅडम काय म्हणाल्या, ते संध्याकाळी अमिताने सरलाबाईंना सांगितलं. "चरबी नव्हती उतरली, आई. पाणी उतरलं होतं. अजून एखादा दिवस गेला असता तर किडनीवर आलं असतं. मॅडम म्हणाल्या, काट्याला यातला फरक कळत नाही."

मला लागलं ते. पण बाई खरं बोलल्या होत्या.

सरलाबाई म्हणाल्या, "लहानपणी हाडं दिसायची तर मी काट्याकडे बघून भरवत सुटले. आता काट्याकडे बघून त्याला तहानेने मारत होते. पोराकडे कधी बघितलंच नाही मी."

शुक्रवारी महूची मंडळी आली. सरलाबाई दहाच्या दहा भेल्या मंदिरात वाहून आल्या. जाऊबाईंनी विचारलं, "मग, किती उतरलं?"

"ते त्याचं तो आणि त्याची डॉक्टरीण बघतील," सरलाबाई म्हणाल्या. "गूळ माझा मुलगा घरी आला त्याचा आहे."

गोपीनाथराव प्रसादाचा खडा तोंडात टाकत म्हणाले, "बिलकुल सही. नाहीतरी सात किलोत मोहल्ल्याचं काय झालं असतं?"

सलाइन चढवून घरी आलेला विक्रांत पुन्हा एकशे एकवीसचा झाला होता, हे मला त्याच्या चालीवरूनच कळलं. कारण आता माझ्यावर चढायला त्याला जागाच नव्हती. सरलाबाईंनी मला देव्हाऱ्याजवळून उचलून त्याच्या पलंगाशेजारी ठेवलं होतं, आणि माझ्यावर पाण्याने भरलेला मोठा स्टीलचा जग.

"तुला काटा उतरलेला बघायचा असतो ना?" त्या म्हणाल्या. "मग उतरव."

त्याने एक वाटी घेतली. घोट घोट करत संपवली. मग दुसरी घेतली. दुपारपर्यंत माझा काटा केसभर मागे सरकला. विक्रांतने वाकून पाहिलं, आणि देवाशपथ सांगतो, तो खूश झाला. संध्याकाळी जग रिकामा झाला, तेव्हा त्याने अमिताला हाक मारून दाखवलं.

रविवारी सकाळी तेवढा तो जग खाली ठेवतात आणि विक्रांत माझ्यावर उभा राहतो. एकदाच. काटा पुन्हा हलू लागलाय, त्याच्या चालीने. किती, ते मी सांगणार नाही. मोहल्ल्याला कळलं की पुन्हा गूळ येईल.

तेव्हा मित्रांनो, मला जपा, पुसून ठेवा, पलंगाखाली टाकू नका. आणि घरात कोणी दवाखान्यातून आलं, तर आधी त्याच्या ओठांकडे बघा. माझ्याकडे नंतर बघितलं तरी चालेल. मी कुठे जात नाही, माझ्यावर जग आहे.