एक तरी माणूस घाबरला पाहिजे

या अफाट विश्वात मानवजात एकटी नाही, आणि परग्रहावरची प्रगत जमात पृथ्वीवर उतरायची वेळ येईल तेव्हा ती न्यूयॉर्क-बियॉर्क सोडून थेट कळंबला येईल, असं विरेशनं भर दुपारी वडिलांच्या अडत दुकानात उभं राहून जाहीर केलं. गुरुलिंगअप्पा त्या वेळी हरभऱ्याचा नमुना तळहातावर घेऊन फुंकर मारत होते. फुंकून झाल्यावर त्यांनी चार दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले, आणि ती जमात येईल तेव्हा येऊ दे, तोवर तू पोत्यावरचा पाय काढ, असं सांगितलं.

विरेशनं पाय काढला, विषय सोडला नाही. बसस्टँडमागं त्याचा फोटो स्टुडिओ होता. परंड्यापासून येरमाळ्यापर्यंतची लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेली होती. पाठवणीला नवरी रडायला लागली की कॅमेरा कुठं न्यायचा आणि पंगतीत कुणाच्या ताटावर मुळीच थांबायचं नाही, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण माणसानं दुसऱ्याच्या डोक्यावरच्या अक्षता किती वर्षं टिपायच्या? त्याला आता सिनेमा काढायचा होता. नाव ठरलं होतं, ‘परग्रहाची पाव्हणी’. शुक्रावरची एक सुंदर बाई कॉलेजात येते, पोरांना भुलवते आणि एकेकाची बुद्धी शोषून घेते. त्यात भीती होती, हसू होतं, विज्ञानही होतं. बुद्धी शोषायची तर पाव्हणीनं आपलंच कॉलेज का निवडलं, अशी शंका कॉलेजचे शिपाई हरिबा यांनी पुढं काढली, पण तोवर पोस्टर छापून आलं होतं.

अप्पांची शंका निराळी होती. मुलगा एकुलता एक. तो परग्रहाच्या नादी लागला तर अडतीच्या गादीवर बसायचं कुणी? तरी अप्पा न्यायी माणूस. माल बघितल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात कशाला नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी सिनेमालाही तोच कायदा लावला. भीतीचा सिनेमा म्हणतोस ना, मग तो चार लोकांपुढं लाव. त्यात एक तरी माणूस खरोखर घाबरला पाहिजे. घाबरला तर अडतीचं नाव मी पुन्हा काढणार नाही. नाही घाबरला, तर दसऱ्याला सोयाबीन यायला लागलं की तू गादीवर, आणि स्टुडिओचं शटर खाली. हे सगळं विरेशची आई सिद्धम्मा यांच्यासमोर ठरलं, म्हणजे त्यात आता बदल नव्हता.

सिद्धम्मांचं माहेर आळंदचं. एरवी त्या सगळ्यांसारखं मराठी बोलत. राग आला की कानडीत जात, आणि राग फारच आला की कानडीतला एकच शब्द बोलून गप्प बसत. अप्पांना शुगर निघाल्यापासून त्यांनी घरातून साखर, गूळ आणि गोड बिस्किटं हद्दपार केली होती. होळीला त्या बिनगुळाचं पुरण करत. ते खाऊन पाव्हणे दुसऱ्या वर्षी होळीला यायचे बंद झाले. अप्पा मात्र तक्रार करत नसत. रोज संध्याकाळी न चुकता तासभर फिरून येत, आणि येताना चेहरा इतका तृप्त असे की सिद्धम्मा गल्लीतल्या बायकांना म्हणायच्या, चालण्याचा गुण बघा.

शूटिंगला प्राचार्यांनी एका दिवसाची परवानगी दिली. अट एकच. परग्रहावरची असली तरी आवारात वावरताना तिच्या गळ्यात ओळखपत्र पाहिजे. त्यामुळं शुक्रावरची मोहिनी संपूर्ण सिनेमाभर गळ्यात निळ्या नाडीचं कार्ड घालून हिंडली.

मोहिनीचं काम राजनंदिनीनं केलं. ती तिसऱ्या वर्षाला होती आणि विद्यापीठाच्या कबड्डी संघात चढाईला जायची. अंगाला हिरवा रंग फासायला ती तयार झाली, पण फक्त कोपरापर्यंत, कारण दुसऱ्या दिवशी तिचं प्रात्यक्षिक होतं. कोपरापर्यंत हिरवे हात घेऊन ती आली तेव्हा विरेशच्या चुलतभावानं, मल्लेशनं, मेंदी छान रंगलीय म्हणून सांगितलं. हाच मल्लेश सिनेमाचा नायक. त्याची बुद्धी पहिल्याच प्रसंगात शोषली जाते. शोषल्यानंतर त्याच्यात काहीच फरक दिसेना, म्हणून त्याच्या तोंडाला पावडर लावावी लागली.

खरी अडचण दिग्दर्शनाची झाली. विरेशनं आयुष्यात फक्त नवऱ्या चालवल्या होत्या. दोन पराती एकमेकींवर पालथ्या घालून केलेल्या यानातून मोहिनी उतरली, तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप सूचना गेल्या. मान खाली घे, पाऊल हळू टाक, आता डोळे वर कर, थोडं लाज. परग्रहाची संहारिणी बोहल्याकडं निघाल्यासारखी लायब्ररीकडं निघाली. लायब्ररीच्या पायरीवर तिनं मल्लेशला भुलवायचं होतं. राजनंदिनीला भुलवणं माहीत नव्हतं, चढाई माहीत होती. ती गुडघ्यात वाकली, हात पसरले आणि नजर मल्लेशच्या घोट्यावर रोखली. मल्लेश मागं सरकत सरकत सायकलींवर पडला.

त्यातच येरमाळ्याहून एक कुटुंब मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला आलं होतं. नटलेली पोरगी, समोर कॅमेरा, बाजूला लाईट, हे बघून त्यांनी सवयीनं जे करायचं ते केलं. मोहिनी मल्लेशची बुद्धी शोषत असताना ते दोघांच्या दोन्ही बाजूंना ओळीनं उभे राहिले आणि कॅमेऱ्याकडं बघू लागले. दुसरा कुणी असता तर त्यांना हाकललं असतं. विरेशनं शांतपणे सगळ्यांना चौकटीत घेतलं. एका आजीला थोडं पुढं यायला सांगितलं.

याला कारण होतं. पूर्वी एकदा एका लग्नाच्या व्हिडिओत नवरीच्या आत्याचे यजमान राहून गेले होते. ते गृहस्थ अजून स्टुडिओवरून जाताना विरेशकडं पाठ करून जात. तेव्हापासून त्यानं नियमच केला होता. शेवटी कॅमेरा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा, आलेला एकही माणूस सुटता कामा नये. ‘परग्रहाची पाव्हणी’ संपत आली, मोहिनी यानात बसली, दिवस कलला, आणि विरेशनं सवयीप्रमाणं कॅमेरा फिरवला. लायब्ररी, सायकली, मैदान, फाटक, फाटकाबाहेरचे गाडे, गाड्यांवरची गिऱ्हाइकं, सगळं त्यात आलं. पुढचं काम लग्नांसाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरनं केलं. ते सॉफ्टवेअर फार हुशार होतं. गर्दीतला सगळ्यात आनंदी चेहरा ते स्वतःच शोधून काढी, मोठा करी, संथ करी, तीनदा दाखवी आणि वर गुलाबाच्या पाकळ्या टाकी. सिनेमा तयार होऊन हातात आला तो खेळाच्या दिवशी सकाळी. पुरता बघायला विरेशला सवड मिळाली नाही.

खेळ दुपारी कॉलेजच्या सभागृहात लागला. खिडक्यांना मंडपाचं कापड लावून अंधार केला होता, तरी फटीतून ऊन येत होतं आणि ते नेमकं मोहिनीच्या नाकावर पडत होतं. पहिल्या ओळीत अप्पा आणि सिद्धम्मा बसले होते. विरेश भिंतीला टेकून उभा होता. तो पडद्याकडं बघतच नव्हता, तो माणसं बघत होता.

माणसं मजेत होती. यान उतरलं तेव्हा मंडपवाल्यानं माझी परात म्हणून ओरडून सांगितलं. मोहिनीनं पहिली किंकाळी फोडली तेव्हा मागच्या ओळीतलं तान्हं पोर झोपी गेलं. येरमाळ्याचं कुटुंब दिसल्यावर त्यांचे पाव्हणे उठून उभे राहिले आणि आजीसाठी टाळ्या पडल्या. जो तो स्वतःला शोधत होता आणि सापडला की शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होता. घाबरायला कुणालाही वेळ नव्हता. अप्पा मांडीवर हात ठेवून, बाजारभाव ऐकावा तसं बघत होते. विरेशच्या नाकाला सोयाबीनची धूळ हुळहुळायला लागली. गादी, तक्क्या, वजनकाटा आणि पुढची चाळीस वर्षं त्याला पडद्यापेक्षा स्वच्छ दिसत होती.

मग शेवट आला. यान उडालं, सनई सुरू झाली आणि कॅमेरा फिरायला लागला. लायब्ररी गेली, सायकली गेल्या, मैदान गेलं. फाटकाबाहेर एका गाड्यापाशी चित्र थांबलं आणि हळूहळू मोठं व्हायला लागलं.

पडद्यावर अप्पा होते. हातात गुलाबजामूनचा द्रोण. ते अतिशय संथपणे एक अख्खा गुलाबजामून मिशीखाली नेत होते. डोळे मिटले होते. चेहऱ्यावर असा आनंद होता की तो विरेशनं ना त्यांच्या लग्नाच्या फोटोत पाहिला होता, ना स्वतःच्या बारशाच्या. गुलाबजामून आत गेला. मग अप्पांनी द्रोण दोन्ही हातांनी धरला, मान मागं टाकली आणि उरलेला पाक पिऊन टाकला. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मग सगळं पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं.

सभागृह हसत होतं. विरेशनं पहिल्या ओळीकडं बघितलं. अप्पांनी खुर्चीचा दांडा मुठीत आवळून धरला होता. कपाळावर घाम होता, मिशी थरथरत होती आणि ओठ कोरडे पडले होते. खरोखर घाबरलेला माणूस कसा दिसतो, हे भीतीचा सिनेमा काढणाऱ्या विरेशला त्या दिवशी प्रथम कळलं. आणि पडद्यावर तिसऱ्यांदा पाक पिऊन होत असताना सिद्धम्मा मान न वळवता एकच शब्द बोलल्या.

“नोडिदे.”

म्हणजे, पाहिलं.

खिडक्यांवरचं कापड निघालं. विरेश पहिल्या ओळीपुढं येऊन उभा राहिला. त्याला वडिलांची दया येत होती, पण दसराही दिसत होता.

“अप्पा,” तो म्हणाला, “कुणी घाबरलं का?”

अप्पांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

“नीट दिसलं नसंल तर शेवटचा तुकडा परत लावू का?”

“नको,” अप्पा लगेच म्हणाले. “म्या घाबरलो.”

हे ऐकून निघालेली माणसं थांबली. गुरुलिंगअप्पा घाबरले ही कळंबमध्ये बातमी होती. खुर्च्या गोळा करत असलेल्या हरिबांनी, नक्की कशाला घाबरला ओ अप्पा, असं मनापासून विचारलं. अप्पांनी एकदा बायकोकडं बघितलं, एकदा हरिबांकडं.

“त्या पोरीला,” ते म्हणाले. “लई भयंकर काम केलंय.”

राजनंदिनी शेजारीच होती. तिनं वाकून नमस्कार केला. अप्पांनी तिला आशीर्वाद दिला, मुलाकडं बघून सोयाबीनचं मी माझं बघून घेतो एवढं पुटपुटले आणि बाहेरच्या उन्हात जाऊन एकटेच उभे राहिले.

विरेशला आपण जमिनीवर आहोत असं वाटेना. पुढचा सिनेमा शनीवरच्या जुळ्या बहिणींवर निघणार होता, धाराशिव जिल्ह्याचं नाव आकाशगंगेत जाणार होतं, आणि हे सगळं तो आईला उभ्या उभ्या सांगत होता. सिद्धम्मांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. पदर सारखा केला. दाराबाहेर उभ्या असलेल्या अप्पांच्या पाठीकडं एक नजर टाकली, आणि आवाज उतरवून म्हणाल्या,

“ते असू दे. त्या गाड्यावरचे दोन गुलाबजामून मला आणून दे की. ह्यांच्यापायी म्या बी लई वर्षं खाल्ला न्हाय. आन् पाक जरा जास्त घाल म्हणावं.”