दुसरा समुद्र

लॅपटॉपवरच्या पानाच्या तळाशी एक निळी पट्टी दिसत होती, जेमतेम नखाएवढी. तिथे काहीच असायला नको होतं. मी पान वर सरकवलं, तर खाली आणखी एक समुद्र निघाला. तीच भरती, तीच होडी, वरच्या होडीच्या तालावर डुलणारी.

भरती-ओहोटीचा हा धडा मी ॲनिशासाठी करत होते. तिची कंपनी शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाची वेबपानं बनवते. सुटे भाग जोडून पान उभं करणारं फ्रेमवर्क वेगळं, हलतं चित्र काढणारी लायब्ररी वेगळी. दोघांना एकत्र नांदवायचं काम माझं. जूनपासून पूर्ण वेळ ये, असं ॲनिशा दिवाळीपासून म्हणत होती, आणि मी "पाहू" म्हणत होते. सकाळी विरारला हितेश सरांच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचं, दुपारी वटारला घरी येऊन हे. क्लासची सवयीची नोकरी सोडायचा धीर होत नव्हता.

सासूबाई बाजूला भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं.

"दोन दर्या कशाला गं मांडल्यास? एकाचं पानी आवरत नाय तुला."

"मी एकच मांडला, आई. दुसरा आपोआप आला."

"आपोआप पावनेच येतात. नि मग जात नायत."

मला हसू आलं. मग कोड पुन्हा पहिल्यापासून वाचला. चाचणीच्या वेळी हे फ्रेमवर्क प्रत्येक भाग एकदा लावतं, काढतं आणि पुन्हा लावतं. निघताना तो आपला पसारा आवरतो का, हे कळावं म्हणून. लावायचं मी नीट लिहिलं होतं. काढायची जागा रिकामीच होती. त्यामुळे पहिला समुद्र तसाच चालू राहायचा आणि त्याच्याखाली दुसरा सुरू व्हायचा. लॅपटॉपचा पंखा उगाच घरघरत नव्हता.

दोन ओळी लिहिल्या: चित्र थांबव, ते ज्यावर उमटतं तो कॅनव्हास काढून टाक. पान नव्याने उघडलं. एकच समुद्र. खाली कोरं पांढरं. थोड्या वेळाने पंखाही शांत झाला.

ॲनिशाला लिंक पाठवली. लगेच उत्तर आलं, "भरती कसली मस्त येतेय! आता जूनचं बोल." मी "पाहू" टाइप केलं आणि पुसलं.

तेवढ्यात हितेश सरांचा फोन आला. "दिपिका मॅडम, जूनच्या दोन्ही बॅचला तुमचंच नाव टाकतोय हां."

सासूबाईंचा हात वालावर थांबला.

"नको, सर," मी म्हणाले. "मेमध्ये पोर्शन पूर्ण करून देते. जूनपासून मी क्लासला येणार नाही."