पट्ट्याला लावलेलं अस्तर

मास्तरांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या छातीची मापं घेतली होती. स्वतःच्या छातीचं माप द्यायची वेळ आली ती डॉक्टरांमुळे. जिना चढताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली, मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. पण दिवसभर मशीनवर बसणं पुरे. रोज सकाळी भरभर चाला, मग हळूहळू पळायला लागा. फक्त ठोके एकशे तीसच्या वर जाऊ देऊ नका."

पळता पळता ठोके मोजायचे कसे, हा प्रश्न परदेशातल्या लेकीने सोडवला. तिने पार्सल धाडलं. त्यात छातीला बांधायचा लवचीक पट्टा होता, त्याला आतून रबराच्या दोन पट्ट्या आणि पुढे टिचबटणांनी बसवायची काळी डबी. मास्तरांनी पट्टा उलटासुलटा करून शिलाई पाहिली आणि "बरी आहे" म्हणाले. मास्तरांच्या तोंडून दुसऱ्याच्या शिलाईला "बरी" निघणं म्हणजे सुवर्णपदकच, असं दुकानात काज-बटण करणाऱ्या मावशींचं मत होतं.

बाकीचं लेकीने फोनवरून लावून दिलं. ठोक्यांचा आकडा मास्तरांच्या फोनवर दिसायचा, आणि एकशे तीसच्या वर गेला की तिकडे तिच्या फोनवर घंटा वाजायची.

"म्हणजे मला कळेल, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही काही सांगणाऱ्यातले नाही."

हे खरं होतं. लेकीला घरात ठकी म्हणत. ठकी सहा वर्षांपूर्वी तिकडे गेली, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामावर. बाप कपडे बेततो, लेक दात, असं आई सगळ्यांना हसून सांगायची. आई होती तोवर फोन आईचा असे. मायलेकींचं तासन्‌तास चाले, आणि मास्तर हातातलं काम थांबवून पलीकडचा आवाज किणकिणताना ऐकत बसत. शेवटी "बाबांना देते" व्हायचं. मास्तर फोन कानाला लावून म्हणायचे, "बरी आहेस ना? तुझं काम आधी. ठेवतो." आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता फोन रविवारी यायचा, चार मिनिटांचा, आणि त्यातलीही दोन मिनिटं दोघं एकमेकांचं ऐकू येतंय का हेच विचारत.

स्वतःहून फोन करायचा म्हटलं की मास्तरांचं घोडं अडायचं. ठकीच्या हातात मेण असेल, बारीक हत्यार असेल, फोन वाजला आणि हात हलला तर? ही झाली सबब. खरं एवढंच की "बरी आहेस ना" नंतर काय बोलायचं ते त्यांना येत नव्हतं. लेकीच्या आठवणीने मात्र जीव तुटायचा. कापड बेतताना, कुलूप लावताना, जेवणाचं एकच ताट घेताना.

पहिला महिना पट्टा गुणी पोरासारखा वागला. मास्तर मैदानाला फेऱ्या मारत, आकडा एकशे दहा-पंधराच्या आसपास राही, तिकडे घंटा वाजत नसे. सगळं ठीक होतं, म्हणून कोणी फोन करायचं कारण नव्हतं.

मग रबर काचायला लागलं. छातीखाली लाल वळ उठले. दुसऱ्या कोणी मलम लावलं असतं. मास्तर पडले शिंपी. अस्तराशिवाय शिवलेलं काहीही त्यांना उघडंनागडं वाटायचं. त्यांनी जुन्या सुती सदऱ्याचा मऊ तुकडा कापला आणि पट्ट्याला आतून छान अस्तर लावलं, हाताने, इतक्या बारीक टाक्यांनी की मावशींना चष्मा लावूनही शिवण सापडेना.

"यंत्राला कपडे घातलेत," मावशी म्हणाल्या. "आता त्याला थंडी वाजायची नाही."

दुसऱ्या दिवशी मैदानाची पहिली फेरी पुरी व्हायच्या आत आकडा एकशे सत्याऐंशीवर गेला आणि फोन वाजला.

"बाबा, थांबा. बसा आधी. बसलात का? छातीत दुखतंय?"

"छे गं. ठणठणीत आहे."

"आकडा खाली येईपर्यंत उठायचं नाही. मी फोन ठेवत नाही."

तिकडे संध्याकाळ होती, ती कामावरून बसने घरी निघाली होती. बापाला बाकावर जखडून ठेवायचं म्हणून ती बोलत राहिली. शेजारणीच्या कुत्र्याबद्दल बोलली. पुढच्या दोन दातांत होती तश्शी फट मला कवळीतही हवी म्हणून हट्ट धरून बसलेल्या म्हाताऱ्याबद्दल बोलली. "फटीवाचून बायको ओळखणार नाही म्हणतो!" मास्तर खो खो हसले. अठरा मिनिटं झाली. त्या दिवशी दुकान उघडताना त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता.

मग हे रोजचंच झालं. सुरुवातीला आकडा वेड्यासारखा उधळायचा, फोन यायचा, ती ओरडायची आणि मग ओरडून झाल्यावर बोलायची. मास्तर म्हणायचे, "तू बोल, मी बसल्या बसल्या हातपाय हलवतो." अंगाला घाम आला की आकडा आपोआप माणसात यायचा. मास्तर कधी नव्हे ते पहाटेच उठून पट्टा बांधून तयार राहू लागले.

सातव्या दिवशी तिने हट्टाने मावशींसोबत डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी छातीला वायरी लावून कागद काढला, तो निरखून पाहिला आणि म्हणाले, "हृदय झकास आहे. तो पट्टा दाखवा."

त्यांनी तो उलटा केला मात्र, आणि हसू लागले. "मास्तर, याला अस्तर लावायला कोणी सांगितलं? रबर ओलं करून थेट कातडीला लागलं पाहिजे. मध्ये कोरडं कापड आलं की यंत्र वाटेल ते बरळतं. घामाने कापड भिजलं की मग शुद्धीवर येत असेल. काढून टाका हे."

"काढतो," मास्तर म्हणाले.

काढलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी कात्री हातात घेतली, अस्तराच्या कडेला लावली आणि परत खणात ठेवून दिली. लेकीला म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे." तेवढं खरंच होतं.

"मग आकडा असा का येतो?"

"कोणास ठाऊक," मास्तर म्हणाले. हे खोटं होतं. लेकीशी बोललेलं त्यांचं पहिलंच खोटं असावं, कारण आजवर तिच्याशी खोटं बोलण्याइतकं ते कधी बोललेच नव्हते.

आणखी आठ दिवस फोन येत राहिला. आता मात्र त्याची गोडी गेली. ती गंमत सांगायची आणि मध्येच थांबून विचारायची, "श्वास लागतोय का हो?" मावशींनी पट्टा दोरीवर वाळत टाकलेला पाहिला आणि विचारलं, "डॉक्टरांनी उसवायला सांगितलं होतं ना?"

"वेळ झाला नाही."

"अख्खा कोट एका दुपारी उसवलाय तुम्ही माझ्यादेखत. चार बोटांच्या चिंधीला वेळ लागतो होय?"

"मावशी, तुम्ही तुमचं काज बघा."

"बघतेय. पण पोरीचा जीव तिकडे टांगणीला लागलाय, तेही दिसतंय मला."

मास्तरांनी मशीन जोरात चालवलं. झोंबलं होतं.

त्यानंतरच्या सकाळी ठकी गमतीजमती सांगायला बसलीच नाही. "मी येतेय," ती म्हणाली. "रजा देत नव्हते. साहेबांना सांगितलं, वडिलांच्या हृदयाला काहीतरी झालंय, कोणाला कळत नाहीये. तिकीट काढलंय पुढच्या शुक्रवारचं." आणि मग आवाज सांभाळत म्हणाली, "आईच्या वेळी मी उशिरा पोचले, बाबा. आता नाही पोचणार उशिरा."

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. ठकी येणार होती. दीड वर्षं ज्यासाठी जीव झुरत होता तेच दारात येत होतं, आणि त्यांनी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. गप्प बसलो तर ती येईल. विमानात बसून वाटभर बापाचं मरण मोजत येईल. खरं सांगितलं तर तिकीट परत करेल, आणि का करू नये? डॉक्टरांनीच झकास म्हटलेल्या माणसाला बघायला कोणी समुद्र ओलांडून येत नाही.

सकाळी त्यांनी दुकानात जाऊन अस्तर उसवलं. मावशींनी चिंधी उचलून टोपलीत टाकली. मास्तरांनी मैदानात नळाखाली रबर ओलं केलं, पट्टा बांधला आणि सहा फेऱ्या पुऱ्या केल्या. आकडा एकशे एकोणीस. फोन वाजला नाही. वाजणारही नव्हता. मास्तर बाकावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लेकीला स्वतःहून फोन लावला.

"बाबा? काय झालं?" ती घाबरलीच.

"काही झालं नाही. हृदय चांगलं आहे. पट्ट्याला मी अस्तर लावलं होतं, त्याने आकडे चुकत होते. आज काढलं."

"म्हणजे पंधरा दिवस..."

"पहिला आठवडा मला माहीत नव्हतं. नंतर माहीत होतं."

तिकडे बसची घरघर ऐकू येत होती. "मग काढलं का नाहीत?"

"तू फोन करायचीस म्हणून."

ती म्हणाली, "मी या बसमध्ये रडलेय, बाबा. अनोळखी बाईने मला रुमाल दिला."

"चुकलं माझं."

"साहेबांना मी काय तोंड दाखवू?"

तिने नाक ओढलं, आणि एकदम कोरड्या, कामाच्या आवाजात विचारलं, "तिकीट अजून परत करता येतं. करू?"

तुझं काम आधी. शब्द जिभेवर आले होते. इतक्या वर्षांची मळलेली वाट होती ती. मास्तरांनी ते गिळले.

"नको करू," ते म्हणाले. "ये."

"मोठ्याने बोला, बसचा आवाज आहे."

मास्तर बाकावरून उठले. फेऱ्या मारणारी दोन माणसं वळून बघायला लागली, पण त्यांना कसली भीड उरली नव्हती. "ये म्हणतोय," ते ओरडले. "मी आजारी नाहीये. तरी ये."

घरघर थांबली. ती बसमधून उतरली असावी. तिचा आवाज अगदी जवळून आला.

"येते. पण आल्यावर खूप भांडणार आहे तुमच्याशी."

"त्याला शुक्रवार कशाला हवा," मास्तर म्हणाले. "आत्ताच सुरू कर."

तिने केलं.