मनियारणीच्या हातात हात

सेनगावजवळच्या गोरेगावातली कुठली बाई समोर आहे हे मदीनाबीला चेहऱ्यावरून कमी आणि हातावरून जास्त कळायचं. ती मनियारीण. बायकांना बांगड्या भरण्याचं काम आधी तिची सासू करायची, सासूनंतर ती. बांगडी भरायची म्हणजे समोरचीचा हात आधी आपल्या हातात घ्यायचा, साबणाचा फेस लावायचा, तळवा दाबून दाबून मऊ करायचा, आणि बाई बोलण्यात रंगली की काच अलगद मनगटावर उतरवायची. म्हणून मदीनाबीचं तोंडही हाताइतकंच चालायचं. नवरा चाँद पाशा म्हणायचा, बायका बांगड्यांसाठी येत नाहीत, गप्पांसाठी येतात. त्यात तथ्य होतं.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात पुण्याकडं स्वाइन फ्लूची साथ आली. गोरेगावात तो ताप एकालाही आला नाही, पण धास्ती मात्र घरोघरी मुक्कामाला आली. पोरांच्या गळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या लटकल्या. सेनगावच्या जीपमध्ये एरवी मुंगी शिरायला जागा नसायची, पण कोणी शिंकलं की त्याच्या भोवती ऐसपैस जागा व्हायची. हा चमत्कार मदीनाबीनं स्वतः पाहिला होता.

मग बाजाराच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या. पारावर बायका गोळा करून म्हणाल्या, "रोग डोळ्याला दिसत नाही. हाताहाताने फिरतो. दाखवू का?" त्यांनी विचारलं, गावात सगळ्यात जास्त हात कोण धरतं? सगळ्या बायकांनी मदीनाबीकडं बोट केलं. मदीनाबीची मान ताठ झाली. नर्सबाईंनी तिच्या दोन्ही तळव्यांना गुलाल चोळला आणि सांगितलं, "आता रोजच्यासारखं काम करा. मी संध्याकाळी बघते."

संध्याकाळी जे दिसलं ते मदीनाबी जन्मात विसरली नाही. जिला जिला तिनं बांगड्या भरल्या तिच्या मनगटावर गुलाल होता, हे ठीक. पण हातपंपाच्या दांड्यावर गुलाल होता. तान्ह्या लेकराच्या गालावर होता, टोपल्यातल्या भाकरीच्या काठावर होता, एका शेळीच्या कानावरही होता. संतरामच्या किराणा दुकानाची पायरी ती त्या दिवशी चढलीच नव्हती, तरी त्याच्या तराजूच्या दांडीवर लाल बोटं उमटलेली होती. मदीनाबी गल्लीतून चालत राहिली आणि बघत राहिली. जे एकमेकांशी बोलत नव्हते त्यांच्याही दारांवर तोच रंग होता. माणसं एकमेकांना इतकी लागून राहतात, हे तिला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता.

नर्सबाईंनी बायकांना साबणानं हात धुवायला शिकवलं. बोटांच्या बेचक्यात, नखांत, मनगटापर्यंत. त्या गेल्या, आणि गावानं त्यांचं म्हणणं पाळलंही. मोरीजवळ साबण आला. जेवायच्या आधी पोरांना दटावणं सुरू झालं. पण गुलाल निघाला कोणाच्या हातून, तर मदीनाबीच्या. तो नुसता दाखला होता, हे गाव सोयीस्कर विसरलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातात कोणी हात दिला नाही.

"मदीनाबी, वट्ट्यावर ठेवा बांगड्या. आमी घालतो आमच्या," असं एकीनं म्हटलं आणि तीच रीत पडली. साथ ओसरली, पुरचुंड्या गळ्यातून निघाल्या, दिवाळी झाली. साबण राहिला, हे चांगलंच झालं. पण ही रीतही राहिली. सगळ्यात झोंबलं ते सिंधूबाईचं. दोघी आगेमागे लग्न होऊन या गावात आल्या होत्या. सिंधूबाईनं दुसरीच्या हातची बांगडी कधी घातली नव्हती. आता तीही दाराच्या आतूनच बोलायची.

तुळशीचं लग्न झालं आणि सिंधूबाईच्या लेकीचा, शिवकन्येचा, लग्नाचा चुडा भरायला बोलावणं आलं. मदीनाबीनं बाळंतविड्यातल्या पहिल्या काळ्या बांगड्या शिवकन्येच्या मुठीएवढ्या हातात भरल्या होत्या. आता तिचा हिरवा चुडा कोण भरणार? आज तिथंही वट्ट्यावर ठेवा म्हणाले, तर उद्या गावातली कुठलीच नवरी हात पुढं करणार नाही. मग मनियारीण कशाला म्हणायचं, नुसतं दुकान झालं. ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

"बुलाए तो जाना," चाँद पाशा सकाळी एवढंच म्हणाला.

सिंधूबाईच्या दारात बादली, तांब्या आणि साबणाची वडी मांडलेली होती. आत भावकीच्या बायका बसल्या होत्या. मदीनाबीनं कोपरापर्यंत हात धुतले, सगळ्यांना दिसतील असे. मग गाठोडं सोडलं. हिरव्या काचेनं खोली उजळली.

सिंधूबाई तिच्याकडं न बघता म्हणाली, "हितं ठेव मदीना. कमलवन्स भरतील. राग धरू नको."

"राग कशाचा," मदीनाबी म्हणाली. राग डोक्यापर्यंत चढला होता.

कमलबाई म्हणजे शिवकन्येची आत्या. अंगापिंडानं दणकट, हातात जोर भरपूर, आणि जोराचं इथं कामच नव्हतं. पहिली बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली. कमलबाईनं रेटली. कट्‌कन आवाज आला.

"वाढली," कोणीतरी हळूच म्हणालं. बांगडी फुटली असं त्या घरात कोण म्हणणार?

दुसरी रेटली, ती पण वाढली. शिवकन्येच्या हातावर रक्ताची रेघ आली. लग्नाच्या चुड्यातली काच अशी जाणं कोणालाच बरं वाटेना. मदीनाबीचे हात मांडीवर नुसते वळवळत होते, पण बोलावल्याशिवाय ती उठणार नव्हती.

उठली ती शिवकन्या. दारात गेली, हातावरची काच आणि रक्त धुतलं, मग साबणाची वडी घेऊन हात चोळले. बोटांच्या बेचक्यात, नखांत, मनगटापर्यंत, शिकवलं होतं तसे. पण वरून पाणी घेतलं नाही. फेसानं भरलेले दोन्ही हात तसेच पुढं धरून ती मदीनाबीसमोर येऊन बसली.

"मावशी, फेस तसाच ठिवलाय. भरा."

"अगं पोरी," कमलबाई कळवळली, "नर्सबाई काय म्हनल्या व्हत्या?"

"धुवा म्हनल्या, आत्या. धरू नका, असं कवा म्हनल्या?"

मदीनाबीनं शिवकन्येचा हात धरला. एकेकाळी मुठीएवढा होता तो हात, आता मदीनाबीच्या हाताएवढा झाला होता. तिनं तळवा दाबला, बोटं जवळ आणली, अंगठा आत वळवला. एरवी ती या वेळी काहीबाही बोलत राहायची. आज तिची नजर काचेवरून हलेना. फेसावरून पहिली बांगडी गेली. दुसरी गेली. एकामागून एक काच त्या हातावरून वाहत गेली आणि एकीलाही तडा गेला नाही. बायका पुढं सरकून बघत होत्या. भरणारीच चकित होऊन बघत होती, तिथं बघणाऱ्यांचं काय!

दुसरा हात भरून झाला तेव्हा दारात तांब्याचा आवाज आला. कमलबाई हात धुवत होती. तिच्यामागं दुसरी उभी, तिच्यामागं तिसरी. एकेक बाई हातावर फेस घेऊन येत गेली आणि मदीनाबी भरत गेली.

आणि भरता भरता तिच्या रागाला काही आधार राहिना. कमलबाईची बोटं सांध्यासांध्यात उलली होती. एका म्हातारीच्या तळव्याची सालं निघत होती. कपड्याच्या साबणानं, राखेनं, सापडेल त्यानं या बायकांनी चार महिने हात घासले होते. लेकराला जवळ घ्यायच्या आधी घासले, घेतल्यावर घासले. आपल्याला वाळीत टाकलं म्हणून मदीनाबी झुरत होती, आणि इथं तर सगळं गाव आपापल्या हातांना भिऊन बसलेलं. तिला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त नवल वाटलं. जीव जगवायला माणूस काय काय करतो!

सगळ्यात शेवटी सिंधूबाई आली. हात धुतले होते, पण पुढं करायला धजेना. मदीनाबीनंच तिचा हात ओढून घेतला. तो तर सगळ्यात जास्त फाटलेला होता. तिनं हलक्या हातानं एकेक बांगडी चढवली, दोन्ही हात भरले, पदरानं फेस पुसला.

"झालं की गं सिंधू."

सिंधूबाईनं हात मागं घेतला नाही.

"दुखून राहिलं का?"

सिंधूबाईनं नाही म्हणून मान हलवली. बाहेर मुंजाजी, तिचा नवरा, मांडववाल्यांवर ओरडत होता. ती आवाज खाली आणून म्हणाली, "राहू दे जरासा. लेकरं मोठी झाली. ह्यांनी तर लग्नात भटजीनं धरायला लावला तेवढाच. तुझ्याबिगर माझा हात धरतं तरी कोन, मदीना?"