चादरीचं दुसरं टोक

हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात तिला सगळ्या सांडणी म्हणत. पाठीला जन्मापासून उंटिणीसारखं पोक, त्यामुळे नाव ठेवायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. चादरींच्या घड्या दोघींनी मिळून घालायच्या असत. टोकाला टोक जुळवताना तोंडासमोर तोंड येई, आणि सांडणीच्या तोंडासमोर यायला कुणी तयार नसे. पोटुशी बाई तर तिची सावलीही टाळी. म्हणून तिच्या वाट्याला वर्षानुवर्षं उशांचे अभ्रे आले. घरी भावजय तिचं ताट मोरीपाशी वाढायची. इथे बायकांची पुढारीण होती अक्का, ती बाकावर टेकू द्यायची नाही. सांडणी बॉयलरमागे पालथ्या टोपलीवर बसून डबा खायची.

मग ती नवी बाई आली. उंच, हाडकुळी, बोलायला कमी. पहिल्याच सकाळी तिने गरम ढिगातून चादर उपसली आणि एक टोक सांडणीपुढे केलं.

"धर की. मला काय चार हात आहेत?"

सांडणीने टोक धरलं. पहिली घडी वाकडी आली, दुसरीही. दुपारपर्यंत मात्र दोघींचा हात असा बसला की सुपरवायझरबाई मान वळवून बघून गेली. जेवायला नवी टोपलीशेजारी जमिनीवरच बसली. सांडणी बोलत सुटली. भावजय, भाऊ, न झालेलं लग्न, सगळं. घास हातात तसाच वाळायचा. नवी ऐकायची, मधेच "जेव आधी" म्हणायची.

एकदा नवीच बोलली. "मी तुरुंगातून आलेय. नवरा मारायचा. एकदा जिन्यात ढकललं त्याला, परत उठलाच नाही. हे इथे कुणाला ठाऊक नाही. तुझ्यापाशीच राहू दे."

"माझ्या तोंडून जायचं नाही," सांडणी म्हणाली. म्हणताना तिचा ऊर भरून आला होता. आजवर कुणी तिच्यापाशी काही ठेवायलाच दिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात, नवी वर चादरी पोचवायला गेली असताना, अक्काने बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"ये गं, बस. उभी का?"

सांडणीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. ती बसली. दोन्ही बाजूंना बायकांचे उबदार दंड लागले. कुणीतरी तिच्या हातात चहा दिला.

"तुझी ती मैत्रीण कुठली गं? काही सांगतच नाही बाई."

सांडणीने चहाचा घोट घेतला, आणि सांगून टाकलं. सांगताना बायका तिच्याकडे झुकल्या होत्या. एवढ्या जवळून तिच्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी सगळ्या बायकांनी काम थांबवलं. खुनी बाईबरोबर एका छताखाली राहायचं नाही, म्हणाल्या. सुपरवायझरबाईने वाद घातला नाही. नवीने एप्रन काढून खुंटीला लावला. सांडणी दारापर्यंत मागे गेली.

"मला तसं करायचं नव्हतं गं."

"तुरुंगात असताना कुणी मला वेगळं बसवलं नाही," नवी शांतपणे म्हणाली. "बाहेर तू बसवलंस." आणि जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी सांडणी डबा घेऊन बाकापाशी आली. अक्काची पिशवी जागच्या जागी होती.

"अक्का, जरा सरकता का?"

"कशाला?" अक्काने भाकरीवरून नजर उचलली नाही. "जी तिची झाली नाही, ती आमची काय होणार? जा तुझ्या बॉयलरमागे."

बायका खदखदल्या.

महिन्याभराने नव्या बाईच्या जागी एक तोतरी मुलगी कामाला आली. नाव सांगताना ती पहिल्याच अक्षराला अडली. कुणी हसायच्या आत सांडणीने पुढे होऊन तिची हुबेहूब नक्कल केली, ओठ थरथरवत, डोळे फिरवत. अक्काला हसू आवरेना. मुलीचे डोळे भरले. सांडणीने अक्काकडे चोरून पाहिलं आणि पुन्हा तीच नक्कल केली, या वेळी अधिक मोठ्याने.