नानासोंचा लेप

दुखणं कुठलंही असो, नानासोंचा इलाज एकच: चुना-गुळाचा लेप. कराडजवळच्या त्यांच्या तालमीत कित्येक मुरगळलेले पाय त्यानं बरे झाले होते, आणि म्हातारबांना त्याचा तोरा भारी. त्यामुळं दहा वर्षांच्या नातीच्या, साक्षीच्या, जबड्याखाली सूज दिसली तशी त्यांनी निकाल देऊन टाकला, "कुस्तीत मान लचकलीय." दोन दिवस चोळलं, वर लेप थापला.

तिसऱ्या दिवशी गाठ लिंबाएवढी झाली आणि पोर तापानं फणफणली. नानासो वाटी घेऊन आले तशी ती ओरडली, "तुमी हात लावू नका!" भल्याभल्यांना चीत केलेला गडी त्या चार शब्दांनी आडवा झाला.

कराडच्या डॉक्टर चंदनाबाईंनी मान बघून आधी साक्षीचं तोंड उघडायला लावलं. "दाढ किडलीय. तिथले जंतू गाठीत उतरलेत, पू झालाय. चोळलं कुणी?"

सून अंजनानं सासऱ्यांकडं पाहिलं. नानासो म्हणाले, "मी."

"अशी गाठ चोळायची नसते. तुमचा लेप मुरगळलेल्या पायालाच ठेवा."

जागा बधिर करून बाईंनी पू काढला, गोळ्या दिल्या. ताप उतरला तरी गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत, आणि दाढेवरही इलाज करायचा, असं बजावलं. रोज पट्टी बदलायला नानासोच तिला मोटारसायकलवरून न्यायचे. साक्षी मागं बसायची, पण आजोबांना धरायची नाही. सीटमागची कडी धरायची. ते त्यांना फार लागलं.

महिन्याभरानं बाईंनी खेळायला परवानगी दिली. तालमीत उतरताना प्रत्येक पोराच्या कपाळाला माती लावायची, हा वस्तादाचा मान. साक्षीची पाळी आली आणि नानासोंचा हात वरच थांबला.

"आवं नाना, थांबला का? त्यात चुना न्हाई न्हवं?"

"न्हाई गं बाई. नुसती माती हाय."

"मग लावा की!" तिनं स्वतःच कपाळ पुढं केलं. अख्खी तालीम हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं नानासो.

तेवढ्यात पप्पू पैलवान मान धरून आला, "वस्ताद, लचकली."

"आधी तोंड उघड," नानासो म्हणाले.

घरी जाताना साक्षीनं कडी धरली नाही. आजोबांच्या पोटाला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली. नानासोंनी गाडी लांबच्या रस्त्यानं घेतली.