रघूचा वडा

"विमल, यंदा रघूच्या नावाचापण भोकाचा वडा कर," दाजी म्हणाले आणि विमलबाईंचा पिठातला हात थांबला.

दाजी म्हणजे थोरले दीर. माणूस वाईट नाही, पण एकदा बोलले की बोलले. रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमीतल्या त्या घरात सर्वपित्रीला वडे दोन तऱ्हेचे होत: जित्यांचे बंद, गेलेल्यांचे भोकाचे. पितर भोकातून येतात, चव घेऊन परत जातात. बंद वड्यात बिचारे अडकून बसतील, असं सासूनं सांगून ठेवलेलं. रघू हा विमलबाईंचा एकुलता एक मुलगा. जहाजावर नोकरीला होता, तिथून समुद्रात पडला, तो सापडलाच नाही. कंपनीनं गेला म्हणून कळवलं, दाजींनी मानलं, साऱ्या आळीनं मानलं. विमलबाई तेवढ्या दरवर्षी त्याच्या नावाचा वडा बंदच थापत.

शेजारची लीया दारात चहा पीत बसली होती. मूळची पेणची, बेने इस्रायल, म्हणजे इथल्या ज्यूंतली. तिचा सगळा गोतावळा इस्रायलला गेला, ही इथंच राहिली, चिवट बाई.

"आमच्या हनुक्याला तिकडं असलंच तळतात, पण त्याला भोक नाय," लीया म्हणाली. "पोटात जाम भरतात. नातू फोनवर दाखवतो. देवळातल्या दिव्याला एका दिवसाचं तेल होतं, ते आठ दिवस पुरलं, म्हणून त्या सणाला तेलातलं खायचं. आमचे आजे तेली. ते म्हणाले असते, असं तेल पुरायला लागलं तर आमचा घाणा कशाला फिरवायचा?"

विमलबाई हसल्या. मग कढईकडं बघत म्हणाल्या, "रघूपण सांगायचा गो. एका बंदरात थंडीत तळलेले गोळे खातात म्हणे. रात्री आभाळातनं एक म्हातारी तलवार घेऊन येते, लोकांची पोटं चिरत. तेलकट खाल्लं असलं की तलवार घसरते. मी म्हटलं, खा बाबा पोटभर."

"आणि भोकाचे नव्हते तिथं?"

"ते एका कप्तानानं काढले, असं सांगायचा. वादळात जहाजाचं चाक धरायला दोन्ही हात हवेत, तर त्यानं वडा चाकाच्या खुंटीला अडकवला. तेच भोक."

तेल तापलं होतं. विमलबाईंना वाटलं, कढईचा काठ हलतोय, खाली खोल पाणी आहे, आणि त्या पाण्यावर कुणीतरी पाठमोरं उभं आहे, दोन्ही हातांनी चाक धरून, चिंब भिजलेलं, उपाशी. त्यांचा जीव तुटला. इतकी वर्षं आपण त्याला बंद वडा देतोय. तो धरणार कुठल्या हातानं? त्यांनी गोळा थापला आणि मधोमध बोट घातलं.

वडा फुगून वर आला. तो बघून दाजींचे डोळे भरून आले. पितरांच्या पानावर ठेवायला त्यांनी हात पुढं केला, तशी विमलबाईंनी तो वेगळ्या ताटलीत काढला.

"हा नको, दाजी. कावळ्याला बाकीचे न्या."

"भोक तर पाडलंस."

"व्हय. त्याचे हात गुंतलेत, म्हणून. पण हा आपल्या जित्यांतला हाय. येईल तेव्हा खाईल."

दाजींनी पितरांचं पान उचललं. उंबऱ्याशी थांबले आणि मागं न बघता म्हणाले, "झाकून ठेव तो. गार व्हईल."